मामाचे केस गिळणारा हिरवा पडदा

मित्रांनो, ओळखलंत का मला? कसं ओळखाल? मी एक जुना हिरवा पडदा आहे, आणि सिनेमात तुम्ही मला इतक्यांदा बघूनही कधी बघितलेलं नाही. नायक कड्याला लटकतो ना, तो कडा म्हणजे मी. शूटिंग माझ्यासमोर होतं. मग कॉम्प्युटरवर बसलेलं कुणीतरी माझा सगळा हिरवा रंग पुसतं आणि तिथे डोंगर, समुद्र, चंद्र, हवं ते आणून बसवतं. या कामाला कंपोझिटिंग म्हणतात. चित्राला चित्र असं जोडायचं की जोड कुणाच्या बापाला दिसता कामा नये!

माझा जन्म कापडाच्या कारखान्यात, रंगाच्या हौदात झाला. माझी भावंडं निळी, करडी, सभ्य रंगांची होऊन घरोघरच्या खिडक्यांवर गेली. मला मात्र असा भडक हिरवा दिला की पोपटानेही तोंड फिरवावं. मुद्दाम बरं का! हा रंग माणसाच्या कातडीत नसतो, केसांत नसतो, म्हणून कॉम्प्युटरला मी चटकन सापडतो.

पहिली नोकरी बातम्यांच्या स्टुडिओत. तिथे एक साहेब माझ्यासमोर उभे राहून हवामान सांगायचे. एकदा ते नेमका माझ्याच रंगाचा टाय घालून आले. मी सोडतोय होय! टाय गायब, आणि साहेबांच्या छातीतून ढग चाललेत. साहेब गंभीर चेहऱ्याने वादळाचा इशारा देतायत आणि कॅमेरावाला पोट धरून खाली बसलाय. काय दिवस होते!

पुढे मी सिनेमातले असे इफेक्ट शिकवणाऱ्या एका संस्थेत आलो. बरीच वर्षं राबलो. कौतुक कधी झालं नाही. लोक डोंगराला वा म्हणतात, पडद्याला कोण म्हणणार? पण निदान काम होतं. मग चौकटीवर ताणलेला एक नवा कोरा पडदा आला आणि माझा बोळा करून मला कपाटामागे, रंगाच्या डब्यांखाली कोंबलं.

तिथून मला ओढून काढलं ते तुडतुडीने. पहिल्या वर्षाची पोर. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला तुडतुडीच म्हणायचे. सरांनी वर्गाला सांगितलं होतं, प्रत्येकाने एक शॉट करायचा. शुक्रवारी मोठ्या स्टुडिओतल्या मॅडम येऊन सगळे बघणार आणि एकालाच स्टुडिओत काम शिकायला, उमेदवारीला नेणार. तुडतुडीला ती जागा हवी होती. इतकी, की डबा उघडायची, घास हातात घ्यायची आणि तशीच उठून पळायची. नवा पडदा मोठ्या वर्गाच्या मुलांनी अडवून ठेवलेला. हिच्या वाट्याला आलो मी.

हिरो म्हणून तिने सख्ख्या मामाला धरून आणलं. मामा औषधांच्या दुकानात कामाला. डोक्यावर एकुलती एक बट, या कानापासून त्या कानापर्यंत तेलाने चापून बसवलेली. शॉट असा होता: मामा आरामखुर्चीत पेपर वाचतोय आणि खुर्ची ढगांतून भरधाव उडतेय. वाऱ्यासाठी समोर टेबलफॅन.

"मामा, तेल धुऊन ये ना. केस उडायला हवेत."

"अगं, उडायला आहेत किती? आणि गेले उडून तर परत येतील का?"

"मामा, प्लीज!"

मामा उसासा टाकून बेसिनकडे गेला. पंखा लागला, आणि ती बट अशी फडफडली, अशी फडफडली, जशी जन्माची कैद सुटली! मी तर बघतच राहिलो.

पण बाईसाहेबांना घाई. मी चुरगळलेलाच टांगलेला, मामाची खुर्ची मला खेटून. माझ्या प्रत्येक चुणीत सावली, म्हणजे कुठे उजळ हिरवा, कुठे काळपट. कॉम्प्युटरवर हिरवं पुसायला एक पट्टी सरकवायची असते. तिने सरकवली. आकाश आलं, पण ढगांत चुण्यांचे मळकट ओरखडे राहिले. अजून सरकवली. अजून! झालं एकदाचं स्वच्छ. प्रत्येक नवखा इथेच फसतो. मागचं साफ झालं की खूश, पुढच्या माणसाचं काय झालं ते बघतच नाही.

"अगं, माझे केस?" मामा स्क्रीनला नाक लावून ओरडला. "आयुष्यात पहिल्यांदा मोकळे सोडले, ते तुझ्या पडद्याने गिळले!"

हसून हसून माझ्या कड्या खुळखुळल्या. तेवढ्यात सर आले. शॉट बघून म्हणाले, "वारा कुठाय?"

"सर, ढग पळतायत की!"

"ढग पळतायत. माणूस कॅलेंडरवर चिकटवल्यासारखा बसलाय. वारा त्याच्या केसांत होता, तो तू पुसलास."

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. दुसऱ्याच दिवशी शुक्रवार. माझंही हसू थांबलं. शेजारचा मित्र म्हणाला, "चार केस रंगवून टाक ना वरून. कोण बघतंय?"

"नको. मामाने धुतलेत ते. तेच दिसायला हवेत."

मग ती माझ्याकडे वळली. माझ्या जागी कुठला डोंगर दिसेल म्हणून नाही, माझ्याकडेच! चुणीवरून बोट फिरवून म्हणाली, "अरे देवा, घोळ इथे आहे! मामा, इस्त्री आण!"

आणि मग काय सांगू मित्रांनो! वाफेची गरम इस्त्री अंगावरून फिरली. चिमटे लावून मला चारही बाजूंनी तबल्यासारखं ताणलं. मला वेगळे दिवे, मामाला वेगळे. खुर्ची माझ्यापासून लांब नेली, कारण माझी हिरवी झाक पडून मामाचं टक्कल कच्च्या टोमॅटोसारखं दिसत होतं. पंखा लागला, बट पुन्हा सुटली. या खेपेला तुडतुडीने धडासाठी पट्टी वेगळी लावली आणि केसांसाठी वेगळी, अगदी हलकी, मग दोन्ही चित्रं जोडली. मी हिरवा तेवढा गेलो. एकेक केस जागच्या जागी!

शुक्रवारी मॅडम आल्या. त्याच खोलीत मी भिंतीवर ताणलेला. एकेक शॉट होत गेला, मॅडम नुसती मान हलवत होत्या. मामा उडाला तेव्हा मात्र पुढे झुकल्या.

"परत लाव. ही बट... नंतर रंगवलीस?"

"नाही मॅडम. मामाची आहे."

"पडदा कुठला वापरलास?"

तिने माझ्याकडे बोट केलं. मॅडम उठून आल्या, मला हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, "याला सरळ केलंस म्हणून केस वाचले. सोमवारपासून ये."

तुडतुडीने अशी उडी मारली की खुर्चीच आडवी! मागून मामा ओरडला, "मॅडम, मीपण येऊ का? केस घेऊन येतो!"

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखं कुणीतरी कपाटामागे पडलं असेल. पडदा असेल, ढोलकी असेल, तुटक्या हँडलची सायकल असेल. त्याला बाहेर काढा. पुसा, सरळ करा, आणि काम झालं की बोळा नका करू, नीट गुंडाळून ठेवा. आपण नीट ठेवलेली वस्तू कधी आपल्या मदतीला धावेल, सांगता येत नाही.

बरं, भाषण पुरे. पुढची मुलं दारात आलीयत. इस्त्री तापली का? या रे, ताणा मला, लावा कॅमेरा. बोला, आज कुणाला उडवायचंय?