आपोआप न झालेला टापू

दगडावर दगड वाजला की मला अजून ओल्या पातळाचा वास येतो. वैशाखात शिप्रा नदी आटली की सकाळच्या तांबूस उन्हात माझी बायको, सिंधू, गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि घाटाचे टाकून दिलेले दगड एकेक करून दुसऱ्या दगडावर दोनदा ठोकायची. खणखणला तर रचायची, बद्द बोलला तर सोडून द्यायची. माणसांचंही असंच असतं म्हणायची, आणि माझ्याकडे बघून हसायची.

रामघाटावर माणसांना पायऱ्या आहेत, कासवांनी ऊन कुठे खायचं, एवढंच तिचं म्हणणं. अकरा उन्हाळ्यांत नदीत खाट मावेल एवढं बेट, एवढासा टापू झाला. त्यावर उंबर रुजला, आणि त्याच्या कोवळ्या सावलीशेजारी कासवं ध्यानस्थ बसू लागली. मी मात्र पायरीवर बसून चुका काढल्या. एक दगड उचलला नाही.

"बसा तुम्ही," ती म्हणायची, "तुमचे पणजोबा दरबारात होते."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण अकड दिवाणाची. चांगलं झालंय, हे दोन शब्द ती गेली तोवर माझ्या तोंडून निघाले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात नदी साफ करायला साहेब आले. नदीनं केलेलं राहील, माणसानं केलेलं काढणार, असा हुकूम. आमचे घाटावरचे पुजारी, पंडाजी, आधीच कानात सांगून गेले होते, काका, बस इतना बोलना, अपने आप बना है। मी मान डोलावली होती. साहेबांनी विचारलं तेव्हा टापूवर ऊन उतरलं होतं, उंबराचं पान न् पान उजळलं होतं, आणि जन्मभर आवळून धरलेली छाती एकाएकी भरून आली.

"अपने आप नहीं, साहब। मेरी घरवाली ने बनाया है। एक-एक पत्थर बजाकर।"

पंडाजींनी कपाळावर हात मारला. साहेबांनी खाली मान घालून लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी मशीन आलं.

मी तिची एकदाच स्तुती केली, आणि त्या स्तुतीनंच तो टापू बुडाला. खोटं बोललो असतो तर राहिला असता. पण मग तो तिचा राहिला नसता. हे मी स्वतःला रोज समजावतो, रोज पटतंच असं नाही.

मशीननं काढलेल्या ढिगातून एक दगड उचलून घरी आणलाय. माझ्या हातानं उचललेला पहिला. सकाळी दाराच्या दगडी उंबऱ्यावर दोनदा ठोकतो. खणखणतो. आपोआप होतं ते फक्त विसरणं. आठवण मात्र रोज पाण्यात उभं राहून, दगड वाजवून वाजवून, रचावी लागते.