नजर ठेवणं

अश्वजित पोलादपूरच्या शाळेत गणित शिकवायचा आणि भाड्याच्या खोलीत एकटाच राहायचा. आंघोळ करताना एका अंडात कडक गाठ हाताला लागली. दुखत काहीच नव्हतं, म्हणून त्याने काही महिने अंगावर काढले. शेवटी महाडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहून त्याला थेट मुंबईला पाठवलं. तिथे जांघेतून चिरून ते अंड काढलं. शाळेत आणि गावी आईला त्याने सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन झालं.

"कॅन्सरच होता," मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "पण बाहेर पसरलेला दिसत नाही. केमोचा एखादा डोस देता येईल, नाहीतर नुसती नजर ठेवू. ठरल्या वेळी रक्त आणि सीटी स्कॅन. परत आलाच आणि लवकर सापडला, तर बहुतेक वेळा बरा होतो. फक्त तपासणी चुकवायची नाही."

त्याने नजर ठेवणं निवडलं. पण प्रत्येक तपासणीच्या आधी त्याची झोप उडायची. साधा खोकला आला तरी वाटायचं, छातीत गेलं.

दुसऱ्या वर्षी आईने, सोनाबाईने, स्थळ आणलं. आम्रपाली, महाडच्या कोर्टात क्लार्क. तेव्हा मात्र त्याने आईला खरं सांगितलं. गॅस बंद करून ती तशीच खाली बसली.

"आता बरा हायस ना?"

"आहे."

"मग कुनाला सांगू नको रे. लोकं नाय नाय ते बोलतील."

तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

आम्रपाली चवदार तळ्यापाशी भेटली. अश्वजितने तिला सगळं सांगून टाकलं. दुसरं अंड नीट आहे, मुलं होऊ शकतात, हेही. तिने मान खाली घातली नाही.

"परत होणार नाही, असं डॉक्टर सांगतात का?"

"तसं कोणीच सांगत नाही."

"माझे बाबा कॅन्सरने गेले. शेवटपर्यंत मीच होते त्यांच्याजवळ. प्रत्येक रिपोर्टची वाट बघणं मला पुन्हा जमणार नाही. राग मानू नका."

"राग कसला?" तो म्हणाला आणि तिला रिक्षापर्यंत सोडून आला. तिने घरी एवढंच सांगितलं, की जुळलं नाही. बाकी गोष्ट कुठेच फुटली नाही.

पुढच्या तपासणीला रक्त चांगलं होतं, स्कॅनही स्वच्छ.

"छान," डॉक्टर हसले. "आता इतक्या वेळा यायला नको. सहा महिन्यांनी या."

अश्वजित उठला आणि दाराशी घुटमळला. बाहेर माणसं ताटकळली होती.

"आणखी काही विचारायचंय?"

"नाही, सर."

विचारायचं खरंच काही नव्हतं. त्याला नुसतं थोडं बसायचं होतं. या आजाराचं नाव तो मोठ्याने घेऊ शकेल, अशी ती एकच खोली होती.