तपासणारा: एरिसा कागिमू

"सातव्या संगणकावरही अठरावी आवृत्तीच," कागिमू म्हणाला. "यादीत वीस मागितलीय, मॅडम."

एकेकाळची त्याची विद्यार्थिनी आणि आता ऑफिसची प्रमुख असलेल्या नालुबेगाने घड्याळ पाहिलं. दोन वाजता परदेशातली मंडळी पडद्यावर येणार होती. मुलांच्या लसींच्या नोंदींचं काम या ऑफिसला द्यायचं की नाही, हे तपासणीचा अहवाल पाहून ठरणार होतं.

"बाराही संगणकांवर नवी आवृत्ती घालायला किती वेळ?"

"कंपालातलं हे नेट? संध्याकाळ होईल."

प्रकल्प सुरू होण्याआधी संगणकांवर लागणारं सगळं आहे ना, आणि नेमक्या त्याच आवृत्तीचं आहे ना, हे बघणं एवढंच कागिमूचं काम. ऑफिसातले तरुण त्याला दारवान म्हणत. पण मागच्या एका कामात दोन संगणकांवर दोन आवृत्त्या राहिल्या आणि लसींच्या तारखा एका दिवसाने सरकल्या. ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्याने मग तपासणी करणारा छोटा प्रोग्रॅमच लिहिला. अहवालाखाली आपोआप उमटायचं, 'तपासणारा: एरिसा कागिमू'. ती ओळ त्याने हौसेने घातली होती.

नालुबेगा त्याच्याच खुर्चीत बसली. त्या प्रोग्रॅममध्ये हव्या असलेल्या आवृत्तीच्या आकड्यात तिने विसाचे अठरा केले आणि बटण दाबलं. पडद्यावर बारा हिरव्या ओळी आल्या.

"हे मी तुला शिकवलं नव्हतं, पोरी."

"तुम्ही शिकवलं तेवढ्यावर ऑफिस चालत नाही, सर. वीस उद्या घालू. आज काम गेलं तर बारा जण घरी बसतील. पहिले तुम्ही."

"मग माझं नाव काढ."

"ते नाव बघूनच तर विश्वास ठेवतात ती माणसं."

त्याने कीबोर्डकडे हात नेला, पण अहवाल तिने पाठवलासुद्धा होता. या वयात कोण ठेवणार आपल्याला, असं त्याच्या मनात आलं आणि त्या विचाराची त्याला लाज वाटली.

दोन वाजता पडद्यावरच्या बाईंनी अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "हे कागिमू कोण? फार चोख काम आहे त्यांचं."

सगळ्यांच्या माना वळल्या. चारचौघांत नाव घेतलं की उठून उभं राहायचं, ही इथली रीत. कागिमू उठला. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मान लववली.

टाळ्या वाजल्या, थांबल्या. तो उभाच होता.

"बसा, सर," शेवटी नालुबेगा हळूच म्हणाली.