हनुवटीचं गोंदण

भुसाऱ्यांच्या घरात दोन महिने रोज विमानं उडत होती आणि एकही खाली उतरत नव्हतं. घर म्हणजे पेठ रोडवरच्या दोन खोल्या. त्यात एसटीचे ड्रायव्हर कोंडाजी भुसारे, त्यांची बायको तानुबाई आणि बीएस्सी झालेली एकुलती एक मुलगी हर्षाली. प्रश्न एवढाच, की हर्षालीने विमान चालवायचं ते कुणाचं? हवाई दलाचं, की तिकीट काढून बसणाऱ्यांचं?

शेजारीपाजारी म्हणायचे, लोकांना एक दार उघडत नाही आणि हिच्यापुढे दोन उघडी. खरंच होतं ते. आदिवासी मुलांसाठीच्या एका सरकारी योजनेत तिचं नाव लागलं होतं. सगळा खर्च सरकारचा, दोनेक वर्षांचं प्रशिक्षण आणि मग प्रवासी विमानाचं लायसन. दुसरीकडे हवाई दलाची लेखी परीक्षा ती पास झाली होती आणि निवडीसाठी बोलावणं यायचं होतं. तिथे पाच दिवस तावून सुलाखून घेतात. त्यात यंत्रावरची एक चाचणी अशी, की ती माणसाला जन्मात एकदाच देता येते. नापास झालात की लष्करी विमान आकाशात बघायचं फक्त.

कोंडाजींचं मत ठरलेलं होतं आणि ते रोज नव्याने सांगितलं जायचं.

"परवासी इमान म्हंजे काय गं? हितली मानसं तिथं सोडायची. ती तर मी बी सोडतो. नाशिक, पेठ, सुरगाणा. तीस वर्सं झाली. माझी पोरगी ड्रायव्हर व्हायची नाय."

"पप्पा, पायलटला कंडक्टर घंटी मारत नाही."

"कोनीतरी मारतंच," कोंडाजी म्हणायचे.

त्यांच्याकडे पुरावाही होता. डेपोतल्या साहेबांचा मयूर. वैमानिकाचं लायसन घेऊन त्याला दोन वर्षं झाली, कंपनी काही घेईना, आणि आता तो पिंपळगावला मामाच्या कोल्ड स्टोरेजवर द्राक्षांच्या पेट्या टेम्पोत चढवून घेत होता. त्याचा शर्ट मात्र अजून पांढराच असायचा. तानुबाईला यातलं काही कळत नव्हतं, पण तिने एकच प्रश्न विचारला आणि तो घरातला सगळ्यात शहाणा प्रश्न होता.

"पडतं कोंचं जास्त?"

"लढाऊ," हर्षाली म्हणाली.

"मंग दुसरं घे."

खरं सांगायचं तर हर्षाली तोलत होती हे नाटकच होतं. कॉलेजच्या मैदानावर उभी असताना ओझरकडून उठलेली लढाऊ विमानं डोक्यावरून जायची. तो आवाज छातीत बसायचा आणि पुढचा तास काही शिकवलेलं कळायचं नाही. तिचं मन तेव्हाच गेलं होतं. हवाई दलात चौदा वर्षांची नोकरी, मग चाळिशीच्या आत घरी, हे सगळं तिने वहीत दोन रकाने पाडून लिहिलं होतं. पण वही लिहिणारीने पारड्यावर आधीच अंगठा ठेवलेला होता.

अडचण निघाली ती भलत्याच ठिकाणी. हर्षालीच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते. सात वर्षांची असताना गावच्या जत्रेत आजीने तिला गोंदणारणीपुढे बसवलं होतं. मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं बाईबरोबर जातं, असं आजी म्हणायची. तेच तीन ठिपके तानुबाईच्या हनुवटीवरही होते. गावातल्या बहुतेक बायकांच्या होते, त्यामुळे ते कुणाला दिसतच नसत.

कॉलेज रोडवरच्या अकॅडमीतल्या सरांना ते दिसले. या सरांनी स्वतः कधी निवड मंडळाचा उंबरा ओलांडलेला नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"हे काय? टॅटू?" त्यांनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं. "टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला चालतो. तोंडावर चालत नाही. हे घेऊन गेलीस तर मेडिकलच्या दारातूनच परत येशील. काढून टाक."

मुलं हसली. हर्षालीला गोंदणाची लाज वाटली ती आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी. आणि लाज वाटली की माणूस विचार करत नाही, घाई करतो. कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, लेसरने आठ-दहा खेपा लागतील, वर्ष तरी जाईल. निवडीला राहिले होते तीन महिने. ती घरी येऊन रडली आणि तानुबाईने नको म्हणायच्या ऐवजी डबा उघडला.

त्या डब्यात बिब्बे होते. पेठकडची बाई शहरात आली तरी घरात बिब्बा ठेवते. टाच फुटली, बिब्बा. काटा मोडला, बिब्बा. तानुबाईचा हात त्यात असा बसलेला, की गल्लीतल्या बाया पाय पुढे करून तिच्या दारात यायच्या.

"बिब्ब्यानं समदं जळतं," ती म्हणाली. "वरची कातडी निघंल, तिच्यासंगं हे बी निघंल. तुला तेच इमान पायजे ना? मंग बस हितं."

तिला स्वतःला ते विमान नको होतं, हे विसरू नका. सुईला बिब्बा टोचून तिने तो गॅसवर धरला, तेल सुटलं आणि तीन ठिपक्यांवर तीन थेंब ठेवले. चौथ्या दिवशी हर्षालीचं तोंड ओळखू येत नव्हतं. पंधरा दिवस ती पेज पिऊन राहिली. मग जखम भरली, ठिपके गेले आणि मायलेकी आरशासमोर उभ्या राहून हसल्या. पण जखम भरायची काही थांबेना. जिथे ठिपके होते तिथे हळूहळू एक गुलाबी, चकचकीत गाठ वर आली. चिंचोक्याएवढी.

"ऱ्हाऊ दे," कोंडाजी म्हणाले. "लढनाऱ्या मानसाच्या तोंडावर येक निशानी पायजेच."

निवड झाली. जन्मात एकदाच होणारी ती चाचणीसुद्धा ती पास झाली. कोंडाजींनी डेपोत पेढे वाटले आणि त्या दिवशी पेठची गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. त्याच आठवड्यात दोन पत्रं आली. हवाई दलाचं मेडिकल आठ तारखेला बंगळूरला, सगळा आठवडा. आणि योजनेच्या मुलांनी दहा तारखेच्या आत प्रशिक्षण संस्थेत हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. दोन्ही होणं शक्य नव्हतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे तिला पाठ होतं. पण तिच्या मते पळतं आता हातात आलेलं होतं.

आदिवासी विभागाच्या ऑफिसातल्या क्लार्कने नकाराचा कागद पुढे सरकवला. "पक्कं ना, ताई? नंतर परत घेता येत नाही."

"पक्कं," म्हणून तिने सही केली.

बंगळूरला तिचे डोळे, कान, हृदय, मणका सगळं उत्तम निघालं. शेवटी एक डॉक्टरबाई आल्या, विंग कमांडर. त्यांनी गाठ बोटाने दाबून पाहिली, वैमानिकाचा मास्क मागवला आणि तिच्या तोंडावर बसवला. मास्कची रबरी कड बरोबर गाठीवर आली. दहा मिनिटांत तिथे आग व्हायला लागली, काढला तेव्हा कातडी सोलली होती.

"हा केलॉइड आहे, वाढत जाणारा वण," त्या म्हणाल्या. "कापला तर आणखी मोठा होऊन येतो. मास्क बसला नाही तर ऑक्सिजन नाही, आणि ऑक्सिजन नसेल तर मी तुला वर पाठवू शकत नाही. हे झालं कशाने?"

हर्षालीने सांगितलं. डॉक्टरबाईंनी मास्क बाजूला ठेवला.

"तू आदिवासी आहेस ना? मग काढलंस कशाला? रूढीचं गोंदण आम्ही चालवतो. नियमात लिहिलंय तसं. एक दाखला आणायचा होता फक्त."

वरच्या मंडळाकडे अपील केलं, तिथेही मास्क तसाच टोचला. परतीच्या गाडीत हर्षालीने मोबाइलवर तो नियम काढला. फॉर्म भरताना डाउनलोड करून ठेवलेली जाहिरात होती ती. आधी हाताच्या आतल्या बाजूचं वाक्य, सर सांगायचे तेच. त्याच्याच खाली आदिवासी उमेदवारांचं. सर पहिल्या वाक्यावर थांबले होते आणि ती सरांवर. प्रवासी विमानाला असा घट्ट मास्क रोज लावावा लागत नाही, हेही तिला त्याच प्रवासात आठवलं. आणि नकाराच्या कागदावर तर तिने स्वतःच सही केली होती.

नाशिक रोडला उतरताना तिने ठरवलं, घरात हे सांगायचं नाही. आईला तर नाहीच.

"मणक्यात दोष आहे म्हणाले. जन्मापासूनचा," ती म्हणाली.

कोंडाजी खाली बसले. "म्हंजे आमच्याच रगतातलं," ते म्हणाले आणि दोन दिवस जेवले नाहीत. तानुबाईने मात्र तिच्या हनुवटीला हात लावून विचारलं, "ह्याचं तर काय बोलले नाय ना?"

"नाही."

"बघ, मी म्हनलं व्हतं."

त्या चार शब्दांनी हर्षालीला असा राग आला, की ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. पण बोलली नाही. रोज आई दिसली की राग येई, राग आला की स्वतःची शरम वाटे. वीस दिवस तिने हे असं गिळलं. एकविसाव्या दिवशी ती योजनेच्या ऑफिसात गेली. तिच्या जागेवर इगतपुरीकडची एक मुलगी कधीच हजर झाली होती. चौकशी करून ती दुपारी घरी आली, तर गॅस पेटलेला होता.

तानुबाईच्या भावाची मुलगी शुभांगी गावाहून आली होती. बारावी झालेली, पोलीस भरतीला बसणारी. ती भिंतीला टेकून मान वर करून बसली होती. तिच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते आणि तानुबाईच्या हातात सुईला टोचलेला बिब्बा.

"काय करतेस, आई?"

"हिला बी भरतीला जायचं हाय. म्हनलं आधीच काढून टाकू. तुझं कसं निघालं! डाक्टरनं नावसुदिक काढलं नाय."

"तिला नको लावू. पोलिसात चालतं गोंदण."

"तुला कोन म्हनलं? तुमचे सर तर—"

"सरांना काही कळत नाही. ठेव ते."

"आगं, चार दिस तरास व्हईल. तुझा मनका नसता तर तू आज इमानात असतीस. माझ्या हातानं तर काय खोडा घातला नाय." तिने बिब्बा ज्योतीवर धरला. तेल सुटायला लागलं. शुभांगीने डोळे मिटून घेतले.

हर्षालीने आईचं मनगट धरलं. सुई खाली पडली.

"माझा मणका चांगला आहे," ती ओरडली. "सगळं चांगलं आहे माझं! या गाठीमुळे काढलं मला. मास्क बसत नाही. आणि गोंदण होतं तसं राहिलं असतं तर घेतलं असतं त्यांनी. आपल्या लोकांना चालतं गोंदण. चालत होतं! तू जाळलंस मला, आई. तूच!"

ती बोलून गेली आणि तिला बरं वाटलं. वीस दिवसांत पहिल्यांदा श्वास खालपर्यंत गेला. शुभांगी उठून दाराशी जाऊन उभी राहिली. तानुबाई खाली पडलेल्या बिब्ब्याकडे बघत होती. तिने आधी गॅस बंद केला, मग पदराला हात पुसले.

"चालतं म्हंजे? कोन म्हनलं?"

"नियम आहे. लिहिलेलं आहे."

"कुटं लिवलंय? दाव."

हर्षालीने मोबाइल काढला आणि ते वाक्य आईसमोर धरलं. तानुबाईला अक्षर येत नव्हतं, तरी ती डोळे बारीक करून त्या ओळीकडे बघत राहिली. तिच्या बोटाला बिब्ब्याचं काळं लागलेलं होतं, म्हणून तिने काचेला हात लावला नाही.

"हे त्या डाक्टरीनबाईनं दिलं तुला?"

"नाही. माझ्याकडेच होतं."

"कवापासनं?"

हर्षालीने मोबाइल मागे घेतला.

"मला वाचता येत नाय," तानुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती फक्त समजून घेत होती. "म्हनून इचारते. मी बिब्बा तापवला तवा हे तुझ्याजवळ व्हतं का?"

"होतं," हर्षाली म्हणाली.

तानुबाईने मान हलवली. मग शुभांगीला हाक मारून ती ताटं घ्यायला लागली.