डाव्या खांद्यावर दोन थापा

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं मामा सगळ्यांना सांगत फिरतो आणि ते खरंच आहे. त्या दुपारीही राग तिथेच होता. बस रद्द झाली होती. टॅक्सीवाल्यानं आभाळाकडे बघून नुसती मान हलवली होती. आणि आईला मामाकडे पोचवायला माझ्या हातात तेवढा एकच दिवस होता. परवा मी दोन वर्षांसाठी निघणार होते, समुद्रापलीकडच्या गोदीत, वेल्डरच्या कामावर. आईला सांगितलं होतं, चार दिवस.

शेवटी बाबांची जुनी मोटारसायकल बाहेर काढली. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, पण गाडी अजून पहिल्या किकला सुरू होते. आईला रेनकोट चढवला. आठ महिन्यांपूर्वीच्या अर्धांगवायूच्या झटक्यात तिचा डावा हात गेला होता आणि वाचाही. तो हात झोळीत घालून मी रेनकोटच्या आत घेतला, वरून गळ्यापर्यंत बटणं लावली. मग बाबांचा रुंद पट्टा दोघींच्या कमरेभोवती आवळला. ती टेकली तशी गाडी मागून दबली.

"उजव्या हातानं पट्टा घट्ट धर. आणि झोपू नकोस."

"अं," आई म्हणाली. आता तिच्याकडे एवढाच शब्द उरला होता.

आमच्या घरात गाडीवर बोलायची पद्धतच नव्हती. आरागिरणीत लाकडं कापून कापून बाबांचे कान गेले होते, मागून कितीही ओरडा, उपयोग शून्य. म्हणून आई खांद्यावर थापटायची. नेहमी डाव्या, कारण तिच्या उजव्या हातात पिशवी असायची. एक थाप म्हणजे हळू. दोन म्हणजे थांब. आणि नुसता तळवा टेकवून ठेवला की, चल, मी आहे. दोन थापा पडल्या की पुढच्यानं का म्हणून विचारायचं नाही, आधी थांबायचं. बाबांनी जन्मात कुणाचं ऐकलं नाही, पण त्या दोन थापांना ते भर रस्त्यात थांबायचे. एकदा दूध गॅसवर राहिलं म्हणून, एकदा तर फक्त ढग बघायला.

शहर सुटलं तसा वारा आडवा आला. पाऊस वरून पडत नव्हताच, बाजूनं येत होता. विजेच्या तारा शिट्या मारत होत्या. गाडी सारखी रस्त्याच्या कडेला सरकायची आणि मी शिव्या घालत तिला मधे आणायचे. बंद पडलेल्या एका कारखान्याची लांबच लांब भिंत चालू होती, तिथे माझ्या डाव्या खांद्यावर दोन थापा पडल्या.

मी थांबले. सवयच तशी.

"काय गं, पाय दुखतोय?"

आई नुसती बघत राहिली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्या रेनकोटची बटणं जशीच्या तशी होती. उजव्या हाताची मूठ पट्ट्यावर, बोटं पांढरी पडलेली. टोपीची कड वाऱ्यानं आपटत असेल, असं मी स्वतःला सांगितलं, ती कड आत खोचली आणि निघाले.

पुढे रस्ता तळ्याच्या कडेनं जातो. तिथे पुन्हा. दोन. या वेळी बोटं कळली, आणि तिसऱ्या बोटावरची अंगठीही कळली, हाडावर टोचणारी. ती अंगठी आईचा डावा हात सुजला तेव्हा मीच साबण लावून काढली होती. ती घरी कपाटात होती.

कशीबशी गाडी उभी केली आणि मागे वळले. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती टाकीवर बांधलेल्या बॅगेकडे बघत होती. बॅगेची चेन जराशी उघडली होती आणि तिच्या लोकरी स्वेटरची बाही बाहेर येऊन भिजत होती. चार दिवसांसाठी, तेही थंडीला चार महिने असताना, लोकरी स्वेटर कोण भरतं?

"मामाकडे गारवा असतो," मी म्हटलं. खोटं बोलायचं असलं की मी फार पटकन बोलते. बाही आत कोंबली, चेन ओढली.

तिसऱ्यांदा मी थांबले नाही. आमच्या घरात हे आजवर कुणी केलं नव्हतं. थापा पडत राहिल्या, दोन, दोन, दोन, मामाची गल्ली येईपर्यंत. मला भीती वाटत होती, पण भीतीचं काय करायचं ते मला कळत नाही. रागाचं कळतं. मी गाडी आणखी पळवली.

मामा घड्याळं दुरुस्त करतो. पुढे दुकान, मागे खोली, खोलीत आईसाठी मांडलेली लोखंडी खाट. त्यानं ताईला, म्हणजे माझ्या आईला, कोरडं करून निजवलं आणि मला दारात गाठलं.

"सांगितलंस तिला?"

"तू सांग ना. सावकाश."

"वा! म्हणजे करून सवरून तू नामानिराळी!"

मी आत जाऊन आईच्या ओल्या केसांवर हात ठेवला. "चार दिवसांत येते हं," म्हटलं आणि तिच्या डोळ्यांत न बघता निघाले.

गल्लीतून वळले तेव्हा जाणवलं. गाडी हलकी व्हायला हवी होती. ती मागून दबलेलीच होती, कुणी बसल्यासारखी. मी आरशात बघितलं. रिकामी सीट, तिच्यावर पाऊस. आणि खांद्यावर दोन.

खिशात फोन वाजला. मी एका बंद दुकानाच्या छपराखाली शिरले.

"अगं, चमत्कार झाला!" आनंदानं मामाचा आवाज फाटला होता. "ताईचा हात हलतोय, डावा! तू गल्लीतून वळलीस आणि हिनं खाटेची पट्टी वाजवायला घेतली. मी घड्याळवाला माणूस, मला ठेका कळतो. दोन ठोके, मग जरा थांबायचं, पुन्हा दोन. ऐक, ऐक!"

फोनमध्ये टक टक झालं. त्याच क्षणी माझ्या भिजलेल्या खांद्यावर टक टक झालं.

"मामा," मी म्हटलं, "फोन तिच्या कानाला लाव."

मग तिचा श्वास ऐकू आला.

"आई, चार दिवस नाही. दोन वर्षं. तिकीट काढलंय. मी खोटं बोलले. तुझ्याकडे बघून खरं सांगायची छाती झाली नाही माझी."

ठोके थांबले. पलीकडे मामाची घड्याळं तेवढी चालू होती.

"थांबली गं," मामा हळूच म्हणाला. "आता नुसता तळवा ठेवलाय पट्टीवर. रडतेय, पण शांत आहे. काय सांगितलंस एवढं?"

माझ्या डाव्या खांद्यावर तळवा टेकला. कोरडा, ऊबदार, अंगठीसकट. मला हुंदका आवरेना.

"मामा, मी परत येतेय. बॅगेतला तो स्वेटर तू काढू नकोस. तिच्यासमोर मी माझ्या हातानं तुझ्या कपाटात ठेवणार आहे."

मी किक मारली आणि गाडी गल्लीकडे वळवली. तेव्हा खांद्यावरचा हात निघाला आणि गाडी मागून हळूच वर आली, कुणीतरी उतरल्यावर येते तशी.