पेवातला पंजा

तेर गावात नांगर धरणाऱ्याला जुन्या काळाचं कौतुक नसतं. फाळाला शंखाचे मणी लागतात, मातीच्या बाहुल्या लागतात. माणूस त्या बांधावर भिरकावतो आणि बैल हाकतो. लिंबाजीही त्यातलाच. पण छप्पन साली टेकाडाच्या उतारावर ज्वारी साठवायला जमिनीत पेव खणताना पुरुषभर खाली आणखी एक पेव निघालं. कोळसा झालेले दाणे, भिंतीला सारवण, आणि त्या सारवणात, गुडघ्याच्या उंचीवर, लहान मुलाचा उमटलेला पंजा.

पेवं खणण्यात हयात गेलेले बाबामियाँ आतली हवा पाहायला आधी कंदील सोडून मग उतरले होते. वर आल्यावर त्यांनी कंदील विझवला.

"गाव जळत आसंल," ते म्हणाले. "आईनं लेकराला हितं लपवलं, वर शिळा लावली. मग ती आलीच न्हाय. आमी फट ठेवली व्हती."

अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत त्यांनी आपली नात अशीच दोन दिवस पेवात ठेवली होती, हे लिंबाजीला ठाऊक होतं. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

लोक म्हणाले, बुजवून टाक. त्याची बायको धुरपदाबाई हटून बसली, ज्वारी ह्याच पेवात भरायची. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. भिंत तिनंच सारवली, पंजाला वळसा घालून.

दरसाल रिकामं पेव सारवायला ती उतरायची. दुसऱ्या साली पंजा मांडीशी होता, तिसऱ्या साली कमरेशी. लिंबाजीनं स्वतः उतरून, बोटं फिरवून पाहिलं. सारवणाला ओरखडासुद्धा नव्हता.

एकसष्ट साली पंजा पेवाच्या तोंडापासून वीतभर खाली होता.

ज्वारी भरून झाली. वर्षभराची भाकरी त्यात होती. लिंबाजीनं शिळा ओढली आणि लिंपायला चिखल घेतला. फट राहिली की ओल शिरते आणि दाणा काळा पडतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

"जरा फट ऱ्हाऊ द्या," धुरपदाबाई म्हणाली.

"मग खायचं काय?"

"मागून आणू. पर ह्या खेपेला वर कुणीतरी हाय."

लिंबाजीला भीती वाटत होती. त्याहून जास्त आशा वाटत होती, आणि तिचीच लाज. शेवटी त्यानं चिखल खाली टाकला, पहारीनं शिळा चार बोटं सरकवली. आतून नव्या ज्वारीचा नव्हे, धुराचा वास आला.

धुरपदाबाईनं फटीत हात घातला. तो तिनं बराच वेळ बाहेर काढला नाही.