वाकड्या दस्त्याची रायफल

मी एक वाकडी रायफल बोलतेय. नळी माझी सरळ आहे, वाकडा आहे तो दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. उजव्या खांद्यापासून निघतो आणि पुढे येता येता चांगला चार बोटं डावीकडे सरकतो. मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हसतोच. पूर्वी राग यायचा. आता येत नाही. दमले आहे मी.

मोंटानातल्या बिटररूट खोऱ्यात एमिल नोवॉटनी नावाचा बंदुका घडवणारा होता, त्याने मला घडवलं. थोरवाल्ड रुस्टाड या लाकूडगिरणीतल्या माणसासाठी. करवतीवरून उडालेल्या ढलपीने थोरवाल्डचा उजवा डोळा गेला होता. डावा खांदा त्याआधीच घोड्यावरून पडून कामातून गेलेला. म्हणजे बंदूक लावायची उजव्या खांद्याला आणि नेम धरायचा डाव्या डोळ्याने. साध्या बंदुकीने हे करायला जावं तर मानच मोडेल.

"मान वाकवू नकोस," एमिल त्याला म्हणाला. "लाकूड वाकडं करू आपण."

अक्रोडाच्या जाड ओंडक्यातून त्याने माझा दस्ता कोरला. थोरवाल्डला स्टुलावर बसवून पुन्हा पुन्हा त्याच्या गालाला लावून पाहिला. चापाखाली कडी बसवली. ती खाली ढकलून वर ओढली की नवं काडतूस नळीत येतं. थोरवाल्ड मला घेऊन म्हातारा होईपर्यंत डोंगरात हिंडला. त्याला बोलायची सवय नव्हती. मलाही नव्हती. आमचं बरं चाललं होतं.

तो गेल्यावर माझे हाल सुरू झाले. कोणी खांद्याला लावलं की त्याला नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी दिसायचीच नाही. थोरवाल्डच्या पुतण्याने मला बर्फात गाडीच्या चाकांना लावायच्या साखळ्यांच्या बदल्यात देऊन टाकलं. मग एका दारूच्या गुत्त्यात भिंतीवर टांगलेली होते. नाताळात माझ्यावर चमकत्या माळा सोडायचे, उन्हाळा आला तरी काढायचे नाहीत. तिथून मला बिलिंग्ज शहरातल्या जेराल्ड प्रुइटने उचललं. त्याला दुर्मिळ बंदुका जमवायचा नाद. काचेचं कपाट, आत दिवा, हातात पांढरे मोजे. पाहुण्यांना सांगायचा, "अशी दुसरी नाही." याचा मला अभिमान वाटायला हवा होता. वाटला नाही. तेल मात्र वेळेवर मिळायचं.

एके दिवशी त्या कपाटासमोर मार्लिस केटरिंग येऊन उभी राहिली. खोऱ्यात शाळेची बस चालवणारी बाई. तिच्या नवऱ्याचा, डुएनचा, उजवा डोळा मधुमेहाने गेला होता आणि मोडलेल्या डाव्या खांद्यात डॉक्टरांनी धातूची पट्टी बसवली होती. जन्मभर शिकारीला जाणारा माणूस खिडकीशी बसून राहायला लागला. थोरवाल्डच्या वाकड्या रायफलीबद्दल तिने चहा-कॉफीच्या दुकानात म्हाताऱ्यांकडून ऐकलं. मग पुतण्याला गाठलं, त्याने गुत्ता सांगितला, गुत्तेवाल्याने प्रुइटचं नाव सांगितलं.

"बाई, ही दाखवायची वस्तू आहे," प्रुइट म्हणाला. "बार काढला की हिची शान गेली."

"तुम्ही कधी काढलात?"

"छे! माझ्याकडे आल्यापासून एकदाही नाही."

"मग हिला बंदूक का म्हणता? बंद पडलेलं घड्याळ म्हणा की."

प्रुइट हसला, पण बधला नाही. तेव्हा ती बाहेर गेली आणि गाडीतून एक रायफल घेऊन आली. डुएनच्या वडिलांची. जुनी, देखणी, सरळ. प्रुइटचे डोळे लकाकले. मार्लिसने ती लगेच सोडली नाही. दस्त्यावरून एकदा हात फिरवला, मग दिली आणि बदल्यात मला घेतलं.

घरी डुएन जेवणाच्या टेबलाशी बसला होता.

"माझ्या बापाची रायफल दिलीस?"

"दिली."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"आणि हे काय आणलंस? हे तर बसखाली आल्यासारखं दिसतंय!"

"बस मी चालवते. माझ्या बसखाली अजून काही आलेलं नाही."

तो उठून गेला. मला दाराआड झाडूशेजारी ठेवलं गेलं. कितीतरी दिवस त्या घरात मिठाची बाटली मागण्यापलीकडे बोलणं नव्हतं. मार्लिस कामावर जाताना माझ्याकडे पाहायची. रात्री ती एकटीच टेबल पुसायची. मला वाटलं, या बाईचा संसार माझ्यापायी मोडणार.

मग एका सकाळी ती बस घेऊन गेल्यावर डुएन दाराआड आला. मला उचललं, आत काडतूस नाही ना हे पाहिलं आणि चिडूनच खांद्याला लावलं. त्याचा गाल लाकडावर टेकला. डावा डोळा थेट माशीवर आला. मान वळवावी लागली नाही की काही नाही. तो हलेना. पुन्हा खाली घेतलं, डोळा मिटून लावलं, उघडला. माशी तिथेच होती.

मार्लिस परतली तेव्हा मी त्याच्या मांडीवर होते.

"मार्लिस, कॉफीचा रिकामा डबा आहे का गं?"

"भरलेला आहे," ती म्हणाली. "रिकामा करते."

कुंपणाच्या खांबावर डबा ठेवला. पहिले बार वाया गेले. इतकी वर्षं काचेत बसून माझेही सांधे धरले होते. मग डबा ठणकन उडाला. डुएनने लगेच कडी ओढून पुन्हा नेम धरला.

"शेजाऱ्यांची गाय वाचली म्हणायची," मार्लिस म्हणाली, आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

बर्फ पडू लागल्यावर आम्ही एल्क हरणाच्या शिकारीला गेलो. डुएन पूर्वी एकटाच जायचा. आता उजवीकडचं दिसत नव्हतं, म्हणून मार्लिस त्या बाजूने चालली. "फांदी," म्हणायची. "खड्डा." तो गुरगुरायचा, पण ऐकायचा. एल्क उजवीकडूनच आला. तिने नुसता त्याच्या कोपराला हात लावला. तो सावकाश वळला, श्वास सोडला आणि चाप ओढला. हरीण चार पावलं गेलं आणि बसलं. दुसऱ्या काडतुसासाठी त्याने कडी ओढली, तेव्हा माझ्या आत काहीतरी तुटलं आणि कडी लोंबकळली.

मांस कापून झाल्यावर दोघं शेकोटीशी बसली.

"बापाच्या रायफलीची आठवण येते," डुएन म्हणाला.

"माहितीये मला."

"ती माझ्या कामाची उरली नव्हती. मला ते म्हणवत नव्हतं." त्याने हात शेकले. "बरं झालं, तू दिलीस."

माझी कडी एकाने जोडून दिली. लोखंड झिजलंय, पुन्हा तुटली तर जमणार नाही, असंही सांगितलं. यंदा डुएनचा डावा डोळाही धूसर झालाय, म्हणून शिकार नाही. थंडीत तो मार्लिसच्या दंडाला धरून कुंपणापर्यंत चालून येतो. मी पुन्हा दाराआड आहे. प्रुइटचा फोन येतो, "परत देता का?" मार्लिस म्हणते, "नाही," आणि ठेवून देते.

बाई, असंच म्हणत जा. मला त्या दिव्याखाली पाठवू नका. उजवा डोळा गेलेला कुणी दाराशी आला, तर त्याला एकदा गाल टेकवू द्या. कुणीच आलं नाही, तर नळी काढून ठेवा आणि दस्ता चुलीत घाला. अक्रोडाचं लाकूड आहे, सावकाश जळतं. तुम्हा दोघांना एक संध्याकाळ ऊब पुरेल.